पठाराचं ओझं

7 जानेवारी 2025 ला सकाळी तिबेटमधला दिंगरी परगणा हादरला. तिथल्या घड्याळांत नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, पण साऱ्या चीनला एकच बीजिंगची वेळ लागू असल्यामुळे प्रत्यक्षात सूर्य जेमतेम उगवत होता. आपल्याकडे साडेसहा वाजून गेले होते. बिहारमध्ये लोक घराबाहेर आले. काठमांडूत 2015 च्या भूकंपाच्या आठवणीने माणसं रस्त्यावर उभी राहिली. दिंगरी समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर. पौषातली थंडी, रात्रीचं तापमान शून्याच्या खूप खाली. 126 माणसं गेली आणि तीन हजारांहून जास्त घरं पडली. घरं कशी, तर दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचं सपाट छत. मराठवाड्यात याला माळवद म्हणतात. किल्लारीत पहाटे माणसं गाडली गेली ती अशाच छतांखाली आणि अशाच भिंतींखाली. गार वाऱ्यापासून आणि उन्हापासून वाचवणारी भिंत जितकी जाड, तितकी ती धक्क्याला वाईट. हे दुखणं दोन्हीकडे सारखंच.

दुपारपर्यंत बातम्यांत एकच वाक्य फिरत होतं: भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आहे, युरेशियाला धडकतो आहे, म्हणून हिमालयात भूकंप होतात. वाक्य खोटं नाही, पण दिंगरीच्या भूकंपाला ते अर्धंच लागू पडतं. धडकेत जमीन चेपली जाते आणि एक भाग दुसऱ्यावर चढतो. दिंगरीत उलटं झालं. तिथली जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली, ताणताना तुटली आणि तुटल्यावर एक बाजू खाली बसली. काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून मोठी पायरी उभी राहिली. भूकंपमापकांच्या नोंदी लागलीच तेच सांगत होत्या. जगातल्या सर्वांत मोठ्या टकरीच्या ऐन माथ्यावर जमीन फाटते आहे, हे मला काही केल्या पचेना.

मी मूळचा पाटण तालुक्यातला, कोयनेचा. आमच्या आजीच्या तोंडी गावातली लग्नं, बाळंतपणं आणि भाऊबंदकीचे वाद सगळे 'भूकंपाच्या आधी' नाही तर 'भूकंपानंतर' घडलेले असत. भूकंप म्हणजे 11 डिसेंबर 1967 चा, पहाटेचा. त्यानंतर येत राहिले ते नुसते धक्के, आणि धक्क्यांना आमच्याकडे कोणी चहाचा कप खाली ठेवत नाही. त्यामुळे जगात कुठेही जमीन हलली की ती का हलली, हे शोधायची मला खोड लागली आहे. तिबेटकडे मी वळलो तो या खोडीपायी.

टकरीची कहाणी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून भरभर सांगतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड दक्षिण गोलार्धात होता आणि आज रियुनियन बेट जिथे आहे त्या तप्त जागेवरून जात होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला त्याचं दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांचे कडे त्याच थरांचे. त्या काळात भारताचा वेग वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास, भूपट्टांच्या मानाने धावणंच ते. पुढे टेथिस समुद्र होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि भारताची कड आशियाला भिडली. वेग मंदावला, पण आजही तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर आहे. टेथिसचा पूर्वीचा तळ कुठे गेला हे पाहायचं तर एव्हरेस्टचा माथा पाहावा: तो चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत.

महासागराखालचा भूपट्ट जड असतो, तो दुसऱ्याखाली बुडू शकतो. खंडाचा खडक हलका. तो पुरता बुडत नाही, रेटला की चुरगळतो, दुमडतो, जाड होतो. साधारणपणे खंडाखाली भूकवच 35 ते 40 किलोमीटर जाड असतं. तिबेटखाली ते 70 च्या आसपास आहे. जाड आणि हलका, म्हणून तो उंच तरंगतो. महाराष्ट्र आठ वेळा मावेल एवढा प्रदेश, जवळजवळ 25 लाख चौरस किलोमीटर, सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर उचलला गेलेला. शाळेत 'जगाचं छप्पर' म्हणून शिकवतात ते हेच. छप्पर म्हटलं की घट्ट, बसलेलं काही तरी डोळ्यांपुढे येतं. तिबेट बसलेला नाही.

खळ्यावर भाताची रास लावताना फावड्याने धान्य एका बाजूने रेटत जा. रास वाढते, उंच होते, आणि मग एक वेळ अशी येते की कितीही रेटलं तरी उंची वाढत नाही. माथा खचतो आणि दाणे मोकळ्या बाजूंना पसरतात. पठाराचं असंच झालं आहे. दक्षिणेकडून भारत रेटतो आहे, उत्तरेला तारीम खोऱ्याचा जुना, कठीण खडक आडवा आहे. उंची एका मर्यादेला पोचली, आणि तिथून पुढे पठाराचं स्वतःचं वजनच बोलू लागलं. रेटा उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे पसरायला वाट पूर्व-पश्चिम, त्यातही मुख्यतः पूर्वेला. दक्षिण तिबेटात उत्तर-दक्षिण लांब अशा खचदऱ्या ओळीने आहेत. मधली जमीन खाली बसलेली, दोन्ही अंगांना उभे डोंगर. दिंगरीचा भूकंप अशाच एका खचदरीच्या पट्ट्यातला. ताण होता तो उंचीमुळे, आणि उंची होती ती टकरीमुळे. बातमीतल्या वाक्यात मधली पायरी गाळली होती.

ही मधली पायरी माणसाच्या लक्षात आली ती अवकाशातून. 1970 च्या दशकात तिबेट बाहेरच्या भूशास्त्रज्ञांना बंद होतं. 1972 मध्ये लँडसॅट उपग्रह गेला आणि त्याची छायाचित्रं मिळू लागली. पीटर मोल्नार हा अमेरिकन आणि पॉल तापोनिये हा फ्रेंच, दोघंही तरुण, ती छायाचित्रं टेबलावर जोडत बसले. डोंगर, नद्या, बर्फ या सगळ्यांना आरपार कापत जाणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या सरळ रेषा त्यांना दिसल्या. त्या रेषांशेजारी त्यांनी भूकंपांच्या नोंदी ठेवल्या आणि 1975 मध्ये मांडलं की आशियाच्या पोटातले हे सगळे विभंग, म्हणजे जमीन जिथे तुटून सरकते त्या भेगा, भारताच्या टकरीचेच परिणाम आहेत, मंगोलिया आणि बैकल सरोवरापर्यंत. पुढे तापोनियेने सहकाऱ्यांबरोबर प्लॅस्टिसिनच्या ठोकळ्यात एक कठीण ठोकळा रेटून पाहिला. ठोकळ्याची एक बाजू मोकळी ठेवली होती. प्लॅस्टिसिन तुकड्यातुकड्यांनी त्या बाजूला निसटलं, आणि निसटताना पडलेल्या भेगांचा नकाशा आशियाच्या नकाशासारखा दिसत होता. पोरखेळ वाटावा असा प्रयोग, पण भूशास्त्रात तो दंतकथेसारखा सांगितला जातो.

यावर वाद पुष्कळ झाला. पठार कठीण तुकड्यांनी निसटतं की घट्ट काकवीसारखं वाहतं? तापोनिये तुकड्यांच्या बाजूचा, मोल्नारचा कल हळूहळू दुसरीकडे. एकत्र सुरुवात केलेल्या दोघांनी आयुष्यभर असा मतभेद जपावा, हे मला त्यांच्या शोधाइतकंच आवडतं. 1990 च्या दशकात दक्षिण तिबेटात 'इनडेप्थ' नावाच्या प्रकल्पात स्फोट आणि कंपनलहरी वापरून खालचा खडक तपासला गेला, तेव्हा पंधरा-वीस किलोमीटर खोलीवर अंशतः वितळलेल्या खडकाच्या किंवा खारट पाण्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे वरचा थर ठिसूळ, तुटणारा. खालचा गरम, मऊ. भूकंप बहुतेक वरच्या थरात होतात, कारण तुटायला कठीण असावं लागतं. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला दोन्ही पक्ष थोडेथोडे बरोबर वाटतात, आणि बाहेरच्या माणसाला तेवढी मुभा असते.

1975 हेच साल. त्या वर्षी 19 जानेवारीला हिमाचलात किन्नौर-स्पितीच्या कडेला 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. कौरिक-चांगो हा विभंग तिबेटच्या सीमेला लागून उत्तर-दक्षिण जातो, आणि तोही ताणाचा. म्हणजे पठाराचं ते पसरणं आपल्या देशाच्या हद्दीतही होतं. हजार वर्षांच्या ताबो मठाला तेव्हा तडे गेले. आता स्पितीला पुण्या-मुंबईची माणसं इतकी जातात की काझाच्या बाजारात मोमोचा भाव मराठीत विचारलेला ऐकू येतो. त्यातले बरेच सुमदोच्या नाक्यावरून जातात आणि न थांबता पुढे निघतात. मी गेलो तेव्हा गाडी तिथे मुद्दाम थांबवली. पूर्वी कधी तरी स्पिती नदी तिथे दरडीने अडली होती आणि मोठं तळं झालं होतं. तळं गेलं, त्याचा गाळ राहिला, आणि नदीने तो पुढे उभा कापला. उभ्या कापात बारीक, सपाट थर दिसतात, वहीच्या पानांइतके नेमके. मध्येच एक थर मुरडलेला, गुंडाळलेला. त्याच्या वर पुन्हा सपाट. ओला गाळ तळाशी शांत बसलेला असताना जमीन हादरली की तो थर असा मुरडतो. नंतरचा गाळ त्याच्यावर निमूट साचत जातो. भूशास्त्रज्ञांनी त्या थरांतून जुने भूकंप वाचले आहेत. भूकंपमापक यायच्या कितीतरी आधीची ही नोंदवही, आणि तीसुद्धा रस्त्याच्या कडेला. ड्रायव्हर मात्र दरडीकडे बघत होता. "सर, यहाँ ज्यादा मत रुको," एवढंच म्हणाला. त्याचं वाचन माझ्यापेक्षा निकडीचं होतं.

लडाखात पुगा नावाची दरी आहे. लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग करत जायचं. सगळा रस्ता दोन खंडांच्या सांध्यावरून जातो. एका अंगाला लडाख रांगेचा फिकट ग्रॅनाइट: आशियाच्या कडेखाली समुद्रतळ बुडत होता तेव्हा खालून वर आलेल्या शिलारसाचा. दुसऱ्या अंगाला जांभळे, हिरवे, तांबडे खडक; त्यांत टेथिसच्या तळाचे तुकडे. मला आधी वाटायचं की असला सांधा म्हणजे एखादी रेघ असेल. तो तर कित्येक किलोमीटर रुंद विस्कटलेला पट्टा आहे. पुगा साडेचार हजार मीटरच्या जवळपास. तिथल्या झऱ्यांचं पाणी 84 अंशांपर्यंत तापलेलं, आणि त्या उंचीवर पाणी साधारण तेवढ्यालाच उकळतं. म्हणजे डोळ्यांसमोर जमिनीतून उकळतं पाणी येतं. कडेला गंधकाचा पिवळा आणि टाकणखाराचा पांढरा थर, आणि पलीकडे चांगपांच्या, म्हणजे इथल्या भटक्या मेंढपाळांच्या, पोरांची निवासी शाळा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1970 च्या दशकातच इथे विंधन विहिरी घेतल्या होत्या. वीज करायचं बोलणं तेव्हापासून चालू आहे.

पुगाच्या पलीकडे त्सो मोरिरी. लोक तलावाचे फोटो काढतात. भोवतालचे डोंगर कोणी काढत नाही, आणि खरा चमत्कार तिथे आहे. तिथल्या काही खडकांत कोएसाइट नावाचं खनिज मिळालं आहे. ते प्रचंड दाबाखाली, 90-100 किलोमीटर खोल गेल्याशिवाय बनत नाही. हे खडक मूळचे भारताच्या पुढच्या कडेचे. टकरीच्या पहिल्या झटक्यात ती कड आशियाखाली ओढली गेली, शंभर किलोमीटरपर्यंत गेली, आणि हलकी असल्यामुळे पुन्हा वर उसळली. तीही भूशास्त्राच्या मानाने चटकन, काही दशलक्ष वर्षांत. आपल्या भूखंडाचा नाकाचा शेंडा इतका खाली जाऊन आला आहे, हे त्या रस्त्यावर एका फलकावर लिहायला काय हरकत आहे, मला कळत नाही. खाऊच्या दुकानांचे फलक मात्र बरेच आहेत.

माथ्यावर ताण, तर कडांवर काय? पठाराच्या उत्तर भागात लांबच लांब विभंग आहेत, आल्तिन ताग आणि कुनलुन. त्यांच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकमेकांना घासत आडवे सरकतात; पठाराची पूर्वेला चाललेली वरात या वाटांनी जाते. 14 नोव्हेंबर 2001 ला कुनलुन विभंग 7.8 तीव्रतेच्या भूकंपात फाटला. जमिनीवरची भेग 400 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून सोलापूर गाठेल एवढी, आणि ती सगळी फाटायला दोन मिनिटं पुरली असावीत. काही टप्प्यांत तर फाट खडकातून जाणाऱ्या भूकंपाच्या आडव्या लहरींपेक्षाही वेगाने धावली. माणसं दगावल्याची नोंद नाही, कारण तो कोकोशिलीचा ओसाड मुलूख, चिरू हरणांचा. बर्फावर आणि गोठलेल्या जमिनीवर भेग इतकी स्वच्छ उमटली की अभ्यासकांना पर्वणी झाली. त्याच वर्षी ल्हासाला जाणाऱ्या रेल्वेचं काम सुरू झालं होतं, आणि ती कुनलुन ओलांडूनच जाते.

तीच वरात माणसांच्या वस्तीत पोचली की अर्थ बदलतो. 14 एप्रिल 2010 ला पठाराच्या पूर्व भागातल्या युशूमध्ये अशाच आडव्या सरकण्याने 6.9 चा भूकंप झाला आणि अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. त्याआधी 12 मे 2008 ला सिचुआनमधल्या वेनच्वानचा भूकंप. पठाराची पूर्वेची कड सिचुआनच्या मैदानापाशी एकदम संपते. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात जमीन पाच-सहाशे मीटरवरून चार हजारांच्या वर चढते. इथे पसरणाऱ्या पठाराला सिचुआनचा कठीण खडक अडवतो. उपग्रहांच्या मोजणीत ही कड वर्षाला तीन मिलिमीटरहूनही कमी सरकत होती, म्हणून तिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. हळू साचणारा ताण तिथे हजारो वर्षं साचला होता. 69 हजारांहून जास्त मृत्यू, 18 हजार बेपत्ता, आणि त्यांत शाळांमधली मुलं किती. वेगाचा आकडा लहान म्हणून धोका लहान, हा हिशेब तिथे चुकला. तो आपल्याकडेही चुकला होता. त्यावर येतो.

आणि पठाराचा दक्षिण पायथा, म्हणजे हिमालय. इथे मात्र बातमीतलं वाक्य पुरतं लागू. भारत पठाराखाली घुसतो, वर्षाला दोनेक सेंटिमीटर चेपणं हिमालयात साठतं आणि मधूनमधून एकदम सुटतं. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 चा भूकंप झाला तेव्हा काठमांडूचं खोरं दक्षिणेला दीड-दोन मीटर सरकलं आणि मीटरभर वर उचललं गेलं. उत्तरेकडची उंच शिखरं उलट थोडी खाली बसली. सगळ्यांत मोठा 15 ऑगस्ट 1950 चा, 8.6 तीव्रतेचा. जमिनीवर यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत याहून मोठा नाही. देश स्वातंत्र्यदिन साजरा करून घरी परतला होता, संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक किंग्डन-वॉर्ड पत्नीसह तेव्हा तिबेटमध्ये रिमाला, जवळजवळ केंद्रावरच होता, आणि वाचला. डोंगर ढासळून ब्रह्मपुत्रेच्या उपनद्या अडल्या. आठवडाभराने सुबनसिरीचा बांध फुटला आणि भूकंपात वाचलेली गावं पुरात गेली. दिब्रुगडला ब्रह्मपुत्रेचं पात्रच गाळाने वर आलं. आसामातल्या आजच्या पुरांची गोष्ट सांगताना अजून त्या संध्याकाळपासून सुरुवात करतात.

आता आपल्याकडे. रेटणाऱ्या हाताला उलट रेटा मिळतो. पठार स्वतःच्या वजनाने दक्षिणेलाही ढकलतं, आणि पूर्ण भारतीय भूपट्ट त्या दाबाखाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला महासागराचा तळसुद्धा या दाबाने वळ्या पडून वाकला आहे. ते वाकणं सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि मोल्नारसह काहींनी त्याचा संबंध तिबेटच्या तेव्हाच्या उंचीशी जोडला. वजन ल्हासाला, वळ्या हिंदी महासागरात. मधे आपण.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली किल्लारी झोपली होती. 6.2 तीव्रता, आणि साडेसात हजारांहून जास्त मृत्यू. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये हा पट्टाच नकाशातून काढून टाकला. किल्लारीखाली खडक कसा सरकला, तर एक बाजू दुसऱ्यावर चढली. चेपल्यामुळे. हजाराहून जास्त किलोमीटर दूरच्या टकरीचा दाब आमच्या जुन्या, थंड खडकातून सावकाश येतो आणि एखाद्या दुबळ्या, विसरलेल्या भेगेपाशी सुटतो. टकरीच्या माथ्यावर दिंगरीत ताण, आणि टकरीपासून दूर, पिकांच्या सपाट मराठवाड्यात चेपणं. घरं दोन्हीकडे त्याच तऱ्हेची.

कोयनेचं प्रकरण आणखी एक पाऊल पुढचं. दाब तोच, पण तिथे पाणी आलं. 1962 च्या सुमारास शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागला आणि लवकरच धक्के सुरू झाले. खोलात झिरपलेल्या पाण्याने आधीच ताणाखाली असलेल्या भेगा सैल केल्या, असं आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पाणी भूकंप निर्माण करत नाही. तयार असलेल्या भूकंपाला वाट करून देतं. 1967 चा 6.3 चा धक्का, पावणेदोनशेच्या वर मृत्यू, आणि 103 मीटर उंच धरणाला वरच्या अंगाला तडे. धरण टिकलं, नंतर त्याला आधार दिला गेला. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी धक्के थांबलेले नाहीत. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेने गोठण्यात तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं, भेगेच्या जवळ जाऊन ती कशी सरकते ते मोजायला. दख्खनचा काळा खडक तिथे सव्वा किलोमीटरला संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो. भूकंप होतात ते त्या जुन्या खडकात. आम्ही ज्याला आमची जमीन म्हणतो ते वरचं सव्वा किलोमीटर या भांडणात नुसतं बसलेलं आहे.

म्हणून दिंगरीची बातमी वाचताना माझी नजर घरांनंतर धरणांवर गेली. भूकंपानंतर चीनने तिबेटमधली 14 जलविद्युत धरणं तपासली. पाचांमध्ये तडे वगैरे दोष आढळले, तीन रिकामी करावी लागली. एकाची भिंत कलली होती, तिच्याखालच्या गावांतून दीड हजार लोक हलवले. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिबेटात मेदोगला यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, नव्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं. क्षमता 60 हजार मेगावॅट, कोयनेच्या तीसपट. जागा कोणती, तर नामचा बरवा शिखराभोवती नदी घेते त्या वळणाची, जिथे पठाराचा पूर्वेला निसटणारा भाग भारताच्या कोपऱ्याला वळसा घालून दक्षिणेला वळतो. 1950 चा भूकंप त्याच कोपऱ्यातला. प्रकल्प मोठा साठा करणार नाही, नदीचं पाणी बोगद्यांतून डोंगराखालून नेणार, असं सांगितलं जातं. साठा लहान असेल तर कोयनेसारखी भीती कमी, हे मान्य. पण मग बोगदे ज्या भेगा ओलांडणार त्यांचं काय, हा प्रश्न वर राहतोच. वेनच्वानजवळच्या झिपिंगपू धरणाने 2008 च्या भूकंपाला हातभार लावला का, हा वादही अजून मिटलेला नाही.

कोयनेत आमची अडचण अशी झाली की यंत्रं बसली ती धक्के सुरू झाल्यावर. पाणी यायच्या आधी ही जमीन किती हलत होती, याची नीट नोंदच नव्हती, आणि त्यावरून तज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. मेदोगला पहिल्या बोगद्यात पाणी सोडण्याआधीची दहा वर्षांची तरी नोंद हवी, लहानातल्या लहान धक्क्यासकट. आणि ती पासीघाट, दिब्रुगडच्या माणसालाही वाचता यायला हवी, कारण तीच नदी अरुणाचलात सियांग होऊन त्याच्या दारात येते.